उष्ट्या तेलाचा भाव

छोटी चोपन्न वर्षांची होती. निम्मे केस पांढरे झाले होते, कॉलेजच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून सात वर्षं झाली होती, तरी दादाच्या तोंडी ती छोटीच राहिली. आणि दादाचं तोंड म्हणजे दवंडी. शेजारचा टायरवाला तिला छोटीताई म्हणायचा, पलीकडच्या छापखानेवाल्याने तर पावतीपुस्तकाच्या माथ्यावर ‘दादा आणि छोटी, इंधनाचे कारखानदार’ असं न विचारता छापून दिलं होतं. कारखाना म्हणजे टायरवाला आणि छापखाना यांच्या मधली पत्र्याची शेड. आत दोन मोठी पिंपं, एक मोटार, पाणी तापवायची जुनी टाकी आणि खिडकीपाशी एक टेबल. टेबलावरच्या काचेच्या वस्तूंना हात लावायची दादाला मनाई होती.

त्या सोमवारी सकाळी शेडमध्ये चाळीस कॅन रांगेने उभे होते, प्रत्येकात वीस लिटर वापरलेलं तेल. दुसऱ्या दिवशी दहा वाजता कंपनीचा टँकर यायचा होता, आणि टँकरबरोबरच्या कागदावर छोटीची सही लागणार होती: हे तेल खरोखर तळणाला वापरलेलं आहे, मी तपासलं आहे. ती सही झाली की शेड कंपनीचं संकलन केंद्र होणार होती. दादाला बसल्या जागी किलोमागे कमिशन, कॅन उचलायला कंपनीची माणसं. इंधन करायचं मात्र बंद, पिंपं भंगारात. पिंपांबद्दल छोटीने मनाची तयारी कधीच केली होती.

कारण दादाचा डावा गुडघा. एकवीस वर्षं स्वयंपाकघरांच्या मागच्या दारातून तेल उचलून तो पार गेला होता. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदला नाहीतर धंदा बदला. दादा म्हणाला, धंदा स्वस्त पडेल. डॉक्टर हसले, दादा हसला. वहिनी मात्र हसली नाही. रोज सकाळी त्याला पलंगावरून उठवायला हात तिलाच द्यावा लागायचा.

तेलाला भाव नव्हता, तो काळ छोटीला अगदी लख्ख आठवत असे. तेव्हा दादा एका जुन्या डिझेल गाडीतून कॅन्टीनना पाव पोचवायचा. त्यातल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचा आचारी म्हणजे मामा. कोणाचा मामा ते कोणाला माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांचाच. मामा उरलेलं तेल मागच्या गटारात ओतायचा. गटार तुंबलं, दंडाची नोटीस आली. मामा ती नोटीस घेऊन पावाच्या गाडीपाशी उभा राहिला, तेव्हा दादा म्हणाला, “माझी बहीण बाटल्या हलवण्याचा पगार घेते. तिला विचारून बघतो.”

पहिला प्रयोग तिने सरबताच्या बाटलीत केला. तेल कोमट करून त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातला, बूच लावून दहा मिनिटं हलवलं आणि बाटली खिडकीत ठेवून घरी गेली. सकाळी बाटलीत दोन थर होते, वर मधाच्या रंगाचा पातळ, खाली काकवीसारखा दाट. पुस्तकात हे चित्र तिने शंभर वेळा पाहिलं होतं, मुलांना शिकवलंही होतं. पण पुस्तकाला तळलेल्या बटाट्याचा वास येत नव्हता. वरचा थर दादाने गाडीत ओतला. गाडी सुरू झाली आणि धुरालाही तोच वास आला. दादा गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, “आता हिला भूक लागली की हीच आपली आपण रांधणार.”

पहिल्या मोठ्या पिंपाचा मात्र सत्यानाश झाला, आणि तो छोटीनेच केला. पाच कॅन होते. तिने एकाच कॅनमधलं तेल तपासून पाचांना लागणारं कॉस्टिक ठरवलं. बाकीच्यांपैकी एका कॅनमध्ये कोणीतरी कढई धुतलेलं पाणी ओतलं होतं. तासाभरात पिंपातला सगळा माल थिजला. दादाने त्यात ढवळायचा दांडा खुपसला तर दांडा उभाच राहिला.

“तेल गेलं, तूप गेलं,” दादा म्हणाला, “हाती काय आलं ते तरी सांग.”

हाती साबण आला होता. तपकिरी, खरबरीत, पण मामाची सगळ्यात मोठी कढई त्याने पहिल्या हातात चकचकीत झाली. पुढे छोटी तळाशी बसणाऱ्या ग्लिसरीनपासून मुद्दाम साबण करायला शिकली आणि त्यातून व्यवहार ठरला. एका कॅनला दोन वड्या. पैशाची गोष्टच नाही. आचारी खूश, गटारं खुली, तेल फुकट.

रेघांची पद्धतही त्याच फजितीतून निघाली. छोटी मामाला म्हणाली होती, तेल किती दिवस तळलंय ते कॅनवर लिहून देत जा. मामा म्हणाला, “बाई, हात तेलकट, पेन कुठला धरतोय?” मग त्याने ऑर्डरच्या फळ्याचा खडू उचलला आणि कॅनवर दिवसाला एक अशा तीन रेघा मारल्या. त्याचं बघून इतर आचारीही मारू लागले.

तेल जितके दिवस तळावं तितकं ते आंबतं. म्हणजे त्यातलं आम्ल वाढतं, आणि ते मोजायची रीत सोपी आहे. चमचाभराहून कमी तेल अल्कोहोलमध्ये मिसळायचं, त्यात रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, पातळ कॉस्टिक थेंब थेंब सोडत जायचं. आम्ल संपलं की द्रावण गुलाबी होतं. छोटी थेंब मोजायची. एका आलेखाच्या कागदावर तिने आडव्या अक्षावर रेघा आणि उभ्यावर थेंब घेतले. रेघेमागे साधारण बारा थेंब. कोणाचे ठिपके वर जायचे, कोणाचे खाली. मामाचे ठिपके रेषेवर बसायचे. एकवीस वर्षांत त्या आलेखाला चार कागद जोडले गेले, मामाचे ठिपके रेषा सोडून कधी हलले नाहीत.

तेव्हाचा हिशोब पोस्टकार्डावर मावायचा. तेल शून्य, मिथेनॉल, कॉस्टिक, वीज. शाळांच्या तीन गाड्या आणि छापखान्याचा जनरेटर पंपापेक्षा थोड्या कमी भावाने इंधन घ्यायचे. चार पैसे उरायचे. दादाचे पाय आणि छोटीच्या संध्याकाळी कधी कोणी मांडल्या नाहीत. आता मागे वळून पाहताना तिला दिसायचं, की जो काही नफा होता तो या न मांडलेल्या दोन गोष्टींचाच होता. पण त्या संध्याकाळी दुसऱ्या कशात घालवल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला कधी वाटलं नाही.

मग तेलाला भाव आला. आधी एक टेंपोवाला कॅनमागे चहापुरते पैसे देऊ लागला. आचारी हसले आणि साबणच घेत राहिले. दुसऱ्याने दुप्पट दिले, तेव्हा हसणं कमी झालं. शेवटी कंपनी आली. दूरच्या देशांत विमानांत वापरलेल्या तेलाचं इंधन भरलं की भरणाऱ्याला प्रदूषण घटवल्याचे दुप्पट गुण मिळतात, असा तिथला कायदा होता. होता होता उष्टं तेल ताज्याहून महाग झालं.

“म्हणजे नाकापेक्षा मोती जड,” दादा म्हणाला होता.

“ते तेलाचे पैसे देतच नाहीत दादा. तेल वापरलंय, याचे देतात.”

“आणि वापरलंय हे त्यांना कळणार कशावरून?”

“माझ्या सहीवरून.”

दादाने मान डोलावली होती. तेव्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

सोमवारी पहिला कॅन मामाचाच तिने पुढे ओढला. पाच रेघा. साठच्या आसपास थेंब लागावेत. तिने कॉस्टिक सोडायला सुरुवात केली आणि सातव्या थेंबाला द्रावण गुलाबी झालं. तिने फ्लास्क हलवला. रंग गेला नाही.

छोटीचा स्वभाव असा, की काही चुकलं तर आधी स्वतःला धरायचं. तिला वाटलं कॉस्टिक बिघडलं. पण जुनं कॉस्टिक हवा खाऊन अशक्त होतं, त्याने थेंब वाढतात, घटत नाहीत. तरी तिने ते ओतून दिलं, नवं वजन करून नवं द्रावण केलं. सात थेंब. ब्युरेट बदलली. सात. मग तिने मागच्या महिन्यातलं, स्वतः तपासलेलं तेल काढलं. वहीत त्याचे अठ्ठेचाळीस थेंब लिहिले होते. आले सत्तेचाळीस. म्हणजे द्रावण ठीक होतं, हात ठीक होता. तेल ठीक नव्हतं. खरं तर फारच ठीक होतं.

दुपारपर्यंत चाळीस कॅन तपासून झाले. पंधरा वापरलेले. पंचवीस ताजे, नुसता रंग चढवलेले. त्या पंचविसांतले अकरा मामाचे. प्रत्येकावर पाच रेघा, सरळ, एका उंचीच्या.

कॅन्टीन बंद झाल्यापासून मामाची स्वतःची खानावळ होती, सहा टेबलांची. छोटी पोचली तेव्हा तीन वाजले होते. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, गिऱ्हाईक एक नाही, आणि मागे मोठी कढई तापलेली. तेलात बटाट्याची सालं करपत होती. मामा झारा घेऊन उभा होता.

“या बाई. चहा टाकू?”

“मामा, कढई कोणासाठी?”

मामाने कढईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तुमच्यासाठीच की.”

छोटीने एक खुर्ची सरळ केली आणि बसली. मामाने गॅस बारीक केला, पण बंद केला नाही.

“किती वेळ तापवता?”

“दीड तास. सालं घालतो, वर थोडा कांदा जाळतो. रंग बसतो छान.”

“रंग बसतो. आम्ल होत नाही.”

“ते तुमचं आम्ल मला कधी दिसलं नाही, म्हणून राहिलं बघा.” मामा हसला, मग त्याने हसू आवरलं. “नव्या तेलाचा डबा आणायचा, तापवायचा, गाळायचा, कॅन भरायचा. एका कॅनमागे सुटतात तेवढे पन्नास ताटं वाढून सुटत नाहीत, बाई. ताट म्हटलं की भांडी आली, भांड्यांना पाणी आलं, मीठ कमी म्हणणारा आला. हे तेल काही बोलत नाही. मी एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला.”

“मग रेघा कशाला?”

“सवय. कॅन भरला की हात खडूकडे जातो. पहिल्या दिवशी एकच मारली होती. मग वाटलं, एकच दिसली तर तुम्हाला शंका येईल.”

“पाचांवर जास्त आली.”

मामाने झाऱ्याने सालं बाजूला केली. मग हळूच म्हणाला, “सून म्हणते, मामंजी, एवढं तापवताय तर पोरांसाठी चार काप तरी सोडा त्यात. मी नाही सोडत. काप तेल पितात. कॅनमध्ये तेवढं कमी भरतं.” आपलं बोलणं आपणच ऐकल्यासारखा तो थांबला. “जन्मभर चुलीशी उभा राहिलो. तेल कमी होईल म्हणून तळायचं नाही, हे काही कोणी शिकवलं नव्हतं.”

छोटी उठली. मामा दारापर्यंत आला.

“सही करणार ना?”

छोटी पायरी उतरली.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. दादांचा पाय मी रोज बघतो. पायरी चढताना एक पाऊल टाकतात, दुसरं ओढून घेतात. आणि तेलाचं काय, जाळायचंच तर आहे. ताजं जळत नाही का?”

ताजं जळतं. शेडकडे चालताना छोटी तेच घोळवत होती. ताजं अधिक चांगलं जळतं. कॉस्टिक कमी लागतं, साबण कमी होतो, इंधन जास्त निघतं. रसायनशास्त्राच्या बाजूने मामाशी भांडायला जागाच नव्हती. फरक एवढाच, की वापरलेलं तेल जळायला येतं तेव्हा त्यावर आधी कोणीतरी जेवून गेलेलं असतं. आणि ती सही करणार होती ती नेमकी त्या जेवणावर. पंचवीस कॅनमागे जेवणच नव्हतं. हे कोणाला समजावून सांगावं, आणि सांगितलं तरी एका गुडघ्यासमोर त्याचं वजन किती, हे तिला ठरवता येईना.

दादा शेडमध्ये स्टुलावर बसला होता, डावा पाय कॅनवर लांब करून.

“मामाकडे गेली होतीस?”

“तुला कसं कळलं?”

“टेबलावर सगळी काच धुऊन उलटी घातलीस. तू रागावलीस की भांडी धुतेस.” त्याने पाय थोडा हलवला. “तीन आठवडे झाले, छोटे. गाडीत वास यायचा बंद झालाय.”

“मग बोलला का नाहीस?”

“म्हटलं, सही झाल्यावर तुला कळेल. मग तू चार दिवस माझ्याशी बोलणार नाहीस आणि पाचव्या दिवशी बोलशील. एवढं परवडलं असतं.”

बाहेर टायरवाल्याचा हवेचा पंप सुरू होऊन बंद पडला. छोटी त्याच्यासमोर कॅनवर बसली.

“करू का सही? तू सांग. तू म्हणशील तसं करते.”

तिने हे मनापासून विचारलं होतं, आणि दादाला ते कळलं. त्याने गुडघ्यावरून हात फिरवला, एखाद्या म्हाताऱ्या जनावरावरून फिरवावा तसा.

“मला नको विचारू,” तो म्हणाला. “मी हो म्हणेन.”

मंगळवारी दहाला टँकर आला. बरोबर कंपनीचा माणूस, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. छोटीने त्याच्या हाती कागद दिला. कागदावर चाळीस ओळी होत्या. प्रत्येक कॅनसमोर थेंबांचा आकडा, आकड्यासमोर ‘वापरलेले’ किंवा ‘ताजे’. खाली सही.

त्याने दोनदा वाचलं. “मॅडम, एवढं नको असतं. खाली नुसती सही. आकडे वर कोणी वाचत नाही.”

“मग असू द्यात. तुमचं काय बिघडतं?”

“वाचलेच कोणी तर?” तो हसला. त्याने बॅगेतून कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. “हा दुसरा घ्या. घाई नाही. मी तोवर बाहेर थांबतो. ताजं काय, उष्टं काय, शेवटी जळतंच ना.”

“जळतं. मी कुठे नाही म्हणते? ताजं आहे, एवढंच लिहिलंय.”

माणसाने दादाकडे पाहिलं. दादा स्टुलावर बसून जमिनीकडे बघत होता. “तुम्ही तरी समजवा यांना.”

“लहानपणापासून समजावतोय,” दादा म्हणाला. “अजून जमलेलं नाही.”

बाहेर जाऊन कंपनीच्या माणसाने फोनवर कोणाशी तरी बोलणं केलं. परत आला तेव्हा गोडवा संपला होता. चांगले पंधरा कॅनसुद्धा न घेता तो टँकरमध्ये चढला. पुढच्या चौकात दुसरी शेड आहे, म्हणाला, तिथे शिकलेली माणसं नाहीत. गल्लीत टँकर वळत नव्हता. तेव्हा दादाच लंगडत रस्त्यावर गेला आणि ‘येऊ द्या, येऊ द्या, बस’ करत त्याला मागे काढून दिलं. शेवटी गाडीवानाचीच जात.

मग दोघं पंचवीस कॅनसमोर उभे राहिले. पैसे माल गेल्यावरच मिळायचे होते, तेव्हा देणंघेणं कोणाचं नव्हतं. ज्याचं तेल त्याला परत, एवढंच काम.

“कंपनी एक तेल घेत नाही,” छोटी म्हणाली. “खानावळींच्या सांडपाण्यातलं तेल अडवायच्या खड्ड्यात साठतं ते. फार आंबलेलं.”

“ते काळं डांबर? ते तर आपणही घेत नव्हतो.”

“तेव्हा चांगलं फुकट मिळत होतं.”

“त्याचं होतं इंधन?”

“आधी एकदा आम्ल घालून तापवायचं, मग नेहमीसारखं. दोन दिवस लागतात. घाण वास येईल.”

“आणि परवडेल?”

“माहीत नाही. मांडून बघायला हवं. या वेळी तुझा पायसुद्धा मांडायला हवा.”

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि मामाच्या पहिल्या कॅनला हात घातला. छोटीने दुसरी बाजू धरली. अकरा कॅन चढवायला पाऊण तास लागला. मधे दोनदा बसावं लागलं, एकदा त्याला, एकदा तिला. मग दादा गाडीत चढला, आणि छोटीने पाहिलं, की त्याने दोन्ही हातांनी डावी मांडी उचलून, एखादी वस्तू ठेवावी तसं पाऊल क्लचवर ठेवलं. हे तो रोज करत असणार. ती रोज शेडमध्येच असायची.

“उतर,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“पलीकडे सरक. मी चालवते.”

“तुला येत नाही.”

“तू शिकलास तेव्हा तुला येत होतं?”

“मी एकोणीस वर्षांचा होतो, छोटे.”

“मग मला पस्तीस वर्षं उशीर झाला, एवढंच. सरक.”

दादा सरकला, कण्हत, पुटपुटत. छोटी सीटवर बसली. सीट फार मागे होती, ती पुढे ओढली.

“डावा पाय क्लचवर. पूर्ण दाब. आता गिअर, वर. आता हळू सोड क्लच. हळू म्हटलं की हळू.”

गाडी एक हिसका देऊन बंद पडली. मागे कॅन एकमेकांवर आपटले. तिने किल्ली फिरवली. पुन्हा हिसका. तिसऱ्यांदा गाडी हातभर पुढे गेली आणि मेली. टायरवाला हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

“काय दादा, आज गाडीला उचकी लागली?”

“तू तुझे टायर बघ,” दादा म्हणाला. मग छोटीकडे वळून, “घाबरू नकोस. मामाची खानावळ चार गल्ल्यांवर आहे. संध्याकाळपर्यंत पोचू.”

छोटीने पदर खोचला, क्लच तळापर्यंत दाबला आणि पुन्हा किल्ली फिरवली.